टाईप लिहिण्याआधी

अंधेरीच्या लॅबमध्ये सेरॉलॉजीच्या टेबलावर बसणार आहेस ना, मग आत्याचं एवढं ऐकून जा. हर्पिसची (एचएसव्हीची) टेस्ट लावण्याआधी किटमधला कागद नीट वाच. प्लेटवर अँटिजेन कोणतं लावलंय ते शोध. ‘ग्लायकोप्रोटीन जी’ असेल तरच टाईप एक आणि टाईप दोन वेगळे सांगता येतात. या दोघांची बरीचशी प्रथिनं इतकी सारखी असतात, की एकाविरुद्ध तयार झालेली अँटिबॉडी दुसऱ्यालाही चिकटते. जी मात्र दोघांचं पार वेगळं. अख्ख्या विषाणूचा अर्क लावलेल्या किटमध्ये दोन्हीकडे रंग येतो; त्यावरून टाईप लिहू नकोस.

पावसाळ्यात स्ट्रिपची पिशवी फ्रिजमधून काढल्या काढल्या फोडायची नाही, आत दव धरतं. खोलीच्या तापमानाला येऊ दे. मुलुंड-बोरिवलीहून येणारं सॅम्पल तिकडेच सीरम वेगळं करून पाठवायला सांग.

गरोदर बायकांच्या टॉर्च पॅनेलमध्ये ‘एचएसव्ही १ व २ आयजीएम’ एकत्र येतं. त्यावरून टाईप कळत नाही, लागण नवी की जुनी तेही ठरत नाही. जुना विषाणू पुन्हा उसळला तरी आयजीएम येऊ शकतं. आकडा बघून ती बाई घाबरते, म्हणून हे डॉक्टरांना फोन करून सांगायची लाज बाळगू नकोस.

टाईप दोनच्या आयजीजी अँटिबॉडीचा इंडेक्स १.१ ते ३ च्या मध्ये आला की थांबायचंच. खोटे पॉझिटिव्ह याच पट्ट्यात जास्त सापडतात. अमेरिकेच्या सीडीसीनेही २०२१ मध्ये वेगळ्या पद्धतीने पडताळा घ्यायला सांगितलंय. उलट लागण ताजी असेल तर अँटिबॉडी दिसायला बारा आठवडेही लागतात, तेव्हा निगेटिव्हवरही लगेच विसंबू नये.

अंगावर फोड ताजा असेल तर रक्ताच्या मागे कशाला लागायचं? फोडाच्या तळाचा स्वॅब घेऊन पीसीआर करावा. पूर्वी तिथल्याच पेशी स्लाईडवर घेऊन चमकणारी मोनोक्लोनल अँटिबॉडी घालत. टाईप जुळला की हिरवं चमकायचं. बाटलीतली अँटिबॉडी एकाच खुणेवर बसणारी, आपण निवडून घेतलेली. रुग्णाच्या रक्तात मात्र शेकडो प्रकारांची सरमिसळ. १९८६ साली सापडलेल्या सहाव्या मानवी हर्पिस विषाणूचंही तेच. मोनोक्लोनलने त्याचे ए आणि बी प्रकार वेगळे दिसले, २०१२ मध्ये ते दोन स्वतंत्र विषाणू मानले गेले, पण नेहमीच्या रक्ततपासणीत त्यांच्या अँटिबॉडी अजूनही वेगळ्या करता येत नाहीत.

आणि हे नीट ध्यानात ठेव. अँटिबॉडी फोडाची जागा सांगत नाही, तारीख सांगत नाही, कुणाकडून आलं हे तर नाहीच नाही. रिपोर्टातल्या तेवढ्या एका ओळीवरून नवरा-बायकोत संशय शिरतो. म्हणून हा रिपोर्ट सासूच्या किंवा दिराच्या हातात द्यायचा नाही, सोसायटीच्या वॉचमनकडे ठेवायचा नाही. ज्याचं रक्त, त्यालाच बोलावून दे, आणि शंका असेल तर डॉक्टरांकडे जायला सांग.