साठ गुणिले हजार

आमची विहीर काटेवाडीच्या शिवारात, वस्तीपासून चालत दहा मिनिटांवर आहे. शेतीची लाईट एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री असायची. रात्रपाळी असली की आप्पा बाराच्या सुमाराला हातात बॅटरी, पायात गमबूट घालून निघायचे. लाईट गेली की स्टार्टरचा कॉन्टॅक्टर सुटतो आणि परत आली तरी आपणहून चिकटत नाही. कुणीतरी जाऊन हिरवं बटण दाबावं लागतं. रात्रीतून तीनदा लाईट गेली तर तीन हेलपाटे.

मी तेव्हा इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होतो, इलेक्ट्रॉनिक्सला. आप्पांचे हेलपाटे वाचवायचे म्हणून मोबाईलवर चालणारं यंत्र करायला घेतलं. अर्डुइनो उनो, सिमकार्डाचं मोड्यूल आणि दोन रिले: एक हिरव्या बटणाच्या जोडीला, एक लाल बटणाच्या वाटेत. लाईट आली की आप्पांच्या मोबाईलवर मेसेज जाणार, तीस सेकंद थांबून मोटर सुरू होणार, घरून ‘बंद’ असा मेसेज केला की थांबणार. प्रोग्राम मी तीन ठिकाणांहून उचलून जोडला होता. प्रत्येक ओळ काय करते हे मला सांगता आलं नसतं. पण चालत होतं, आणि चालतंय म्हणजे आपल्याला कळलंय असं मी धरून चाललो. पुढचं सगळं त्यातून झालं.

जुलै महिना होता. तुकोबांची पालखी गावातून पुढे गेली होती, मेंढ्यांच्या रिंगणाची गर्दी पांगली होती, आणि पाऊस मात्र बारामतीच्या वाटेला आला नव्हता. आडसालीची लागण नुकतीच झालेली, को ८६०३२चं बेणं. संध्याकाळी विहिरीवर पेटी बसवली तेव्हा आप्पा म्हणाले, “लाईट आली की पहिलं मिनीटभर नुसती नाचती. तीस सेकंद कमी पडत्यात. एक मिनीट कर.” मी तिथंच बांधावर लॅपटॉप उघडला, ३० खोडून ६० लिहिलं आणि प्रोग्राम परत चढवला. लाईट नव्हती, त्यामुळं तपासून बघता आलं नाही. एका आकड्याचा तर बदल होता.

रात्री बारा वाजून गेल्यावर मेसेज आला: लाईट आली. आप्पांना म्हटलं, “आता झोपा, तुम्हाला जायची गरज नाही.” सकाळी सऱ्या कोरड्या ठणठणीत. मोटर सुरूच झाली नव्हती.

दुसऱ्या रात्री मी जागा राहिलो. लाईटीचा मेसेज आला, पण मोटरचा आवाज येईना. घरून ‘चालू’ असा मेसेज सहा वेळा केला, यंत्र हूं की चूं करेना. मला वाटलं सिमचं मोड्यूल गेलं. मेसेज पाठवताना ते मोड्यूल क्षणभर दोन अँपिअरपर्यंत करंट ओढतं, स्वस्तातला ॲडॉप्टर तिथं मान टाकतो, हे ऐकलेलं होतं. सकाळची एसटी धरून पुण्याला गेलो, बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीतून नवं मोड्यूल, नवा पॉवर सप्लाय आणि दोन रिले आणले. घरी टेबलावर जोडलं तर सगळं छान चाललं. विहिरीवर नेलं की ठप्प. म्हणजे दोष विहिरीवरच्या वायरिंगमध्ये, असं म्हणून वायरी उसवत बसलो.

टेबलावर का चालत होतं? प्रत्येक वेळी मिनीटभर कोण थांबणार म्हणून घरी तपासताना मी ६०च्या जागी ५ लिहीत होतो. शेतात नेताना परत ६०. जो आकडा यंत्र अडकवत होता, तो मी घरी कधी चालवूनच पाहिला नव्हता.

तिसऱ्या रात्री अखेर तो आकडाच स्क्रीनवर छापून बघायचं सुचलं. प्रोग्राममध्ये थांबण्याची वेळ ‘६० गुणिले १०००’ अशी लिहिली होती, कारण यंत्राला मिलिसेकंद लागतात. स्क्रीनवर ६०,००० यायला हवं होतं. आलं उणे ५,५३६.

उनोवर ‘इंट’ नावाच्या डब्यात १६ बिट मावतात. त्यात धरता येणारा सगळ्यात मोठा आकडा ३२,७६७. तीस सेकंदांचे ३०,००० त्यात बसत होते. साठ सेकंदांचे बसेनात, ते वरून सांडले आणि फिरून उणे झाले. थांबण्याच्या फंक्शनला उणे आकडा कळतच नाही, त्याचा डबा ३२ बिटांचा आणि फक्त अधिक आकड्यांचा. त्याच्या लेखी उणे ५,५३६ म्हणजे ४,२९,४९,६१,७६०. तेवढे मिलिसेकंद म्हणजे ४९ दिवस आणि १७ तास. यंत्र बिघडलं नव्हतं. मी सांगितलं तेवढा वेळ ते इमानानं थांबणार होतं.

गुणाकारातल्या साठाच्या पुढं दोन अक्षरं टाकली, म्हणजे हा आकडा मोठ्या डब्यात धर एवढं कंपायलरला सांगितलं, की काम झालं. आणि कंपायलरनं मला पहिल्याच दिवशी हे सांगितलंही असतं. अर्डुइनोच्या सॉफ्टवेअरमध्ये हे इशारे मुळात बंद करून ठेवलेले असतात. सेटिंगमध्ये जाऊन सगळे इशारे चालू करा, आज करा, आणि एकही इशारा शिल्लक असेल तोवर प्रोग्राम चढवू नका. दुसरं असं की मी ज्याचा प्रोग्राम उचलला, त्याच्या बोर्डावर तो बरोबरच चालत असणार. ईएसपी ३२वर इंट ३२ बिटांचा असतो, तिथं साठ हजार आरामात मावतात. तीच ओळ, पण चिप बदलली की अर्थ बदलतो. म्हणून मी आता नुसतं इंट लिहीत नाही. १६ बिट की ३२, उणे लागणार की नाही, हे ज्याच्या नावातच आहे असे प्रकार सी भाषेत १९९९च्या प्रमाणापासून आहेत, तेच वापरतो.

४ जून १९९६ला युरोपचं एरियन ५ रॉकेट पहिल्याच उड्डाणात चाळीसेक सेकंदांत फुटलं, त्याचं कारण याच जातीचं होतं. ६४ बिटांतला वेगाचा आकडा १६ बिटांच्या डब्यात कोंबला गेला, तो मावला नाही. तो प्रोग्राम आधीच्या एरियन ४वरून उसना घेतलेला होता आणि तिथं नीट चालला होता. हे वाचलं तेव्हा मला आमची कोरडी सरी आठवली. आपलं नुकसान दोन रात्रींच्या पाण्याचं, त्यांचं केवढं, पण चूक ओळखीची निघाली.

इथपर्यंतचं झालं ते निदान कुणाच्या जिवावर बेतलं नाही. पुढचं सांगायला मला जड जातं, तरी सांगतो.

यंत्र चालू लागलं तसं चुलत्यांनीही मागितलं. दिलं. एक दिवस पाइपाच्या जोडाला गळती लागली म्हणून त्यांनी पेटीवरचं लाल बटण दाबून मोटर बंद केली आणि जोड आवळायला बसले. मिनिटानं मोटर आपोआप सुरू झाली. जोड निसटला, पाण्याच्या दाबानं पाइप उसळला आणि त्यांच्या मनगटाला चाटून गेला. तोच हात पंपाच्या कपलिंगवर असता तर काय झालं असतं, हा विचार मी आजही पुरा करत नाही.

मोटर सुरू का झाली? कॉन्टॅक्टरची कॉइल सुटते तेव्हा तिच्यात साठलेली ऊर्जा व्होल्टेजचा जोरदार झटका होऊन बाहेर पडते. माझ्या बोर्डाच्या वायरी त्याच पेटीत, कॉइलला खेटून गेलेल्या. त्या झटक्यानं चिप रीसेट झाली. रीसेट झालेल्या चिपला मागचं काही आठवत नाही. तिनं बघितलं, तिन्ही फेज आहेत, म्हणजे लाईट आली. मेसेज पाठवला, साठ सेकंद मोजले आणि हिरवं बटण दाबलं. प्रोग्राममध्ये एकही ओळ चुकीची नव्हती. ‘लाईट आली’ आणि ‘चिप दचकून जागी झाली’ यातला फरक तिला कसा कळणार, हा प्रश्नच मी स्वतःला विचारला नव्हता.

चिप का रीसेट झाली हे ती स्वतः एका रजिस्टरमध्ये नोंदवून ठेवते: नव्यानं वीज मिळाली, रीसेटच्या पिनेवरून झालं, व्होल्टेज खचलं, की वॉचडॉगनं उठवलं. (उनोचं बूटलोडर आपला प्रोग्राम सुरू होण्याआधी ती नोंद पुसतं, ती आधी कशी हाती लावायची हे शोधण्यात माझा एक आठवडा गेला, आणि तो वाया गेला असं मला वाटत नाही.) आता आमच्या यंत्रात मोटर माणसानं बंद केली असेल तर ती खूण ईईप्रॉममध्ये, म्हणजे वीज गेली तरी न विसरणाऱ्या मेमरीत, राहते आणि पुन्हा माणसानं सांगितल्याशिवाय मोटर उठत नाही. कॉइलवर ०.१ मायक्रोफॅरडचा, त्या व्होल्टेजला पेलणारा कपॅसिटर आणि १०० ओहमचा रेझिस्टर सिरीजमध्ये जोडून लावला. बोर्ड वेगळ्या डबीत नेला. ईईप्रॉमचंही एक गणित आधी करा. ती जागा साधारण एक लाख वेळा लिहिण्यापुरती असते. दर दहा सेकंदांनी लिहीत बसलात तर साडेअकरा दिवसांत लाख भरतात. बदल झाला तरच लिहायचं.

साठ सेकंदांचाही मी पुन्हा विचार केला. महावितरण शेतकऱ्यांना वारंवार सांगतं की ऑटोस्विच लावू नका, कारण लाईट आल्याबरोबर डीपीवरच्या, म्हणजे ट्रान्सफॉर्मरवरच्या, सगळ्या मोटरी एकदम उठतात आणि डीपी जळतो. डीपी जळाला की आठ-आठ दिवस पाणी नाही, आणि ते फक्त आपल्याच शेताला नाही. माझ्यासारखीच साठ सेकंदांची दहा यंत्रं एका डीपीवर बसली तर दहाही मोटरी साठाव्या सेकंदाला उठणार. शिकताना हे कुठल्या पुस्तकात येत नाही. आपला बोर्ड कुठल्या तारेला जोडला जाणार आहे हे ज्याला दिसतं त्यालाच सुचतं.

नंतर लाईट गेल्याचाही मेसेज यावा म्हणून यंत्राला बारा व्होल्टची बॅटरी दिली, आणि त्या निमित्तानं तेच ४९ दिवस १७ तास परत समोर आले. चिपचं मिलिसेकंदांचं घड्याळ ३२ बिटांचं. बरोबर तेवढ्या दिवसांनी ते भरतं आणि शून्यावर येतं. आधी लाईट जायची तसं घड्याळही रोज नव्यानं सुरू व्हायचं, त्यामुळं हा दोष झाकलेला होता. बॅटरीनं तो उघडा पाडला असता. २०१५मध्ये अमेरिकेच्या विमान प्रशासनानं बोइंग ७८७बद्दल आदेश काढला होता, तो याच जातीच्या दोषामुळं. विमानाचे जनरेटर सांभाळणारे संगणक सलग २४८ दिवस चालू राहिले तर आतला एक मोजणारा आकडा भरून वाहणार होता. उपाय सोपा आहे. ‘सुरुवात अधिक अवधी’ अशी पुढची वेळ काढून ठेवू नका. ‘आत्ताची वेळ वजा सुरुवातीची वेळ’ काढा आणि ती अवधीशी ताडून बघा. बिनउण्याच्या डब्यात ही वजाबाकी घड्याळ फिरलं तरी बरोबर येते. तपासायला पन्नास दिवस थांबायला नको: तपासणीपुरता घड्याळात मोठा आकडा मिळवा, म्हणजे ते मिनीटभरात भरेल, आणि समोर बसून बघा.

सुट्टीच्या दिवशी गावातली दोन-तीन पोरं माझ्याकडं शिकायला येतात. बारामतीत आता उसाच्या शेतात कृत्रिम बुद्धिमत्तेचे प्रयोग चालतात, ॲग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्टनं मायक्रोसॉफ्ट आणि ऑक्सफर्डला बरोबर घेऊन केलेले. पोरांना मोबाईलवरचा नकाशा दिसतो. त्या नकाशासाठी जमिनीत ओलावा मोजत बसलेली डबी मला जास्त दिसते, कारण तिच्यातही कुणीतरी असंच ‘साठ गुणिले हजार’ लिहिलेलं असणार, आणि ते त्यानं बरोबर लिहिलेलं असावं लागतं.

त्यांना मी पहिले चार आठवडे पाच व्होल्टच्या पुढं जाऊ देत नाही. एक एलईडी. उनोची तेरा नंबरची पिन म्हणजे चिपच्या बी पोर्टचा पाच नंबरचा बिट. दिशेच्या रजिस्टरमध्ये तो बिट एक केला की पिन बाहेर बोलायला लागते, पोर्टच्या रजिस्टरमध्ये एक केला की दिवा लागतो. तयार फंक्शन न वापरता एवढंच करायचं, आणि ते चिपच्या डेटाशीटमध्ये कुठं लिहिलंय ते पान मला दाखवायचं. शेकडो पानं आहेत म्हणून पोरं दचकतात. सगळी वाचायची नसतात, हवं ते पान सापडायला हवं. कॉलेजात अजून १९८०चा ८०५१च शिकवतात म्हणून कुरकुरणाऱ्याला मी म्हणतो, शीक की, रजिस्टर तिथंही रजिस्टरच असतं. ज्याला याच वाटेनं पुढं जायचंय त्याच्यासाठी पुण्यात सी-डॅकचा एम्बेडेड सिस्टीमचा डिप्लोमा आहे. पण हे रजिस्टर आणि डेटाशीट घरी हाताळून गेलेल्या पोराला तिथलं जास्त पचतं.

आणि मोटरीच्या पेटीला हात लावायचा दिवस आला की मी त्यांना चुलत्यांच्या विहिरीवर नेतो. यंत्र आता चार वर्षं नीट चालतंय. तरी चुलते जोड आवळायला बसण्याआधी मेन स्विच खाली ओढतात, तिन्ही किटकॅट फ्यूज उपसतात, बंडीच्या खिशात टाकतात आणि खिशावर एकदा हात फिरवून मगच खाली बसतात.