विकेट गेट : शनिवारवाड्याच्या दिंडीपासून टर्बाइनपर्यंत

टी.ई.च्या ओरलची गोष्ट आहे. बाहेरून आलेल्या एक्स्टर्नल सरांनी विचारलं, "फ्रान्सिस टर्बाइनमध्ये पाण्याचा फ्लो कशाने कमी-जास्त करतात?" रात्रभर पाठ केलेलं उत्तर मी ठोकून दिलं, "विकेट गेटने, सर." मनात म्हटलं, सुटलो. पण सरांनी पुढचा बॉल टाकला, "विकेट का म्हणतात त्याला?"

आता हे कुठल्याच पुस्तकात, नोट्समध्ये नव्हतं. मी आपलं सांगितलं, "सर, ती पाती गोलाकार स्टंपांसारखी उभी असतात म्हणून." मागे थांबलेले दोघे खिदळले. सर काही हसले नाहीत. म्हणाले, "हॉस्टेलला राहतोस ना? गेट बंद झाल्यावर आत कुठून येतोस?" मी म्हटलं, "त्याच गेटमधल्या छोट्या दारातून." "तेच विकेट गेट. जा, वाचून ये कधीतरी."

मार्क किती पडले ते विचारू नका. पण ते 'वाचून ये' डोक्यात राहिलं. सुट्टीत लायब्ररीत बसून जे हाताला लागलं ते इथे मांडतोय. सिव्हिलवाल्यांना आणि मेकॅनिकलवाल्यांना परीक्षेला उपयोग होईल, बाकीच्यांनी हॉस्टेलच्या गेटसाठी म्हणून वाचावं.

आपल्याकडे या छोट्या दाराला फार सुंदर शब्द आहे : दिंडी. वारीची दिंडी वेगळी, ही वेगळी. मोठ्या दाराच्या फळीतच कापून बसवलेलं, एका माणसापुरतं दार म्हणजे दिंडी दरवाजा. पुण्यात शनिवारवाड्याला गेलात तर उत्तरेकडचा दिल्ली दरवाजा पाहा. वाड्याची पायाभरणी १७३० सालची, पहिल्या बाजीरावाच्या काळातली. हत्तीने धडक देऊ नये म्हणून दाराच्या प्रत्येक फळीवर हत्तीच्या कपाळाच्या उंचीला ७२ अणकुचीदार खिळे ठोकलेत. आणि त्यातल्या उजव्या फळीत एक लहानशी दिंडी आहे. रोजची ये-जा त्या दिंडीतून. आत शिरताना माणूस एकटा असतो, वाकलेला असतो आणि पाय उंबऱ्यावरून उचललेला असतो. अशा अवस्थेत तलवार चालवता येत नाही. शंभर माणसं घुसवायची तर एकामागून एकच घुसवावी लागतात, म्हणजे आतल्या दोन पहारेकऱ्यांना पुरे. आपल्या भाषेत सांगायचं तर फ्लो रेट डिझायनरने ठरवलेला आहे.

(हिरकणीची गोष्ट वाचताना मला नेहमी प्रश्न पडायचा, रायगडाचा मोठा दरवाजा बंद झाला तर झाला, दिंडी का नाही उघडली पहारेकऱ्यांनी? उत्तर आता कळतं. सूर्यास्तानंतर दिंडीसुद्धा उघडायची नाही, हाच नियम असणार. आपल्या वॉचमन मामांची परंपरा जुनी आहे!)

इंग्रजीतला विकेट शब्दही असाच छोट्या दारासाठी, छोट्या फाटकासाठी आहे. क्रिकेटचे स्टंप त्यावरून आले, उलटं नाही. सुरुवातीला दोनच स्टंप आणि वर एक आडवी बेल असायची, म्हणजे फाटकच दिसायचं ते. १७७५ मध्ये लंपी स्टीव्हन्स नावाच्या बॉलरचे चेंडू जॉन स्मॉल या बॅट्समनच्या दोन स्टंपांच्या मधून बेल न पाडता पुन्हा पुन्हा आरपार गेले, आणि त्यानंतर तिसरा स्टंप आला. इंग्लंडमध्ये रेल्वे फाटकाच्या शेजारी पायी जाणाऱ्यांसाठी वेगळं लहान फाटक असतं, त्यालाही विकेट गेटच म्हणतात. कारखान्याच्या नाहीतर तुरुंगाच्या गेटमधलं दारही तेच. हे सगळं ओरलला ठाऊक असतं तर!

आता पाण्याकडे येऊ. कालव्यात बोटी वर-खाली चढवायला जे लॉक असतं, त्याचं एक दार ५ मीटर रुंद धरा. एका बाजूला ४ मीटर पाणी, दुसरी बाजू कोरडी. एस.ई.मध्ये शिकलेलं सूत्र लावा. दारावर साधारण ३९२ किलोन्यूटन, म्हणजे ४० टनांचा दाब येतो. हे दार कोण ढकलणार? म्हणून त्या दारात खाली एक खिडकीएवढी झडप ठेवतात. अर्धा मीटर बाय अर्धा मीटर, तीन मीटर खोलीवर, तर तिच्यावर पाऊण टन येतं. शिवाय बिजागरी कडेला न ठेवता झडपेच्या मध्याजवळ ठेवली, तर अर्धं पाणी एका बाजूने ढकलतं, अर्धं दुसऱ्या बाजूने, आणि एकटा माणूस दांड्याने ती फिरवू शकतो. झडपेतून पाणी शिरून दोन्हीकडची पातळी सारखी झाली की मोठं दार हाताने उघडतं. लिओनार्दो द विंचीने मिलानच्या कालव्यांसाठी काढलेल्या चित्रात मोठ्या दारातली ही छोटी झडप स्पष्ट दिसते. मोठं दार हलवायचं असेल तर आधी छोटं उघडायचं, हे त्याला पाचशे वर्षांपूर्वी माहीत होतं.

अमेरिकेत ओहायो नदीवर तर सगळा बंधाराच विकेटचा केला. १८८५ मध्ये पिट्सबर्गजवळ डेव्हिस आयलंडला असा पहिला बंधारा झाला. एकमेकांना लागून लाकडी फळ्या उभ्या करायच्या. पाणी कमी असलं की उभ्या, पूर आला की नदीच्या तळाशी आडव्या, आणि बोटी वरून सरळ पार. यातले शेवटचे दोन जुने बंधारे २०१८ मध्ये ऑल्मस्टेडचा नवा बंधारा सुरू होईपर्यंत कामावर होते.

आता मूळ प्रश्न, टर्बाइन. पेनस्टॉकमधून आलेलं पाणी गोगलगाईसारख्या स्पायरल केसिंगमध्ये फिरतं. तिथून आत येताना आधी स्टे व्हेन लागतात. त्या पक्क्या असतात, हलत नाहीत, लोक इथेच गोंधळ घालतात. त्यांच्या आत गोलाकार उभी, आपापल्या खुंटावर फिरणारी पाती म्हणजे विकेट गेट. वीस-चोवीस असतात साधारण. प्रत्येकाच्या डोक्यावर एक लिव्हर, प्रत्येक लिव्हरला एक लिंक, आणि सगळ्या लिंका एकाच मोठ्या रिंगला जोडलेल्या. ती रिंग तेलाच्या दाबावर चालणारे दोन सर्वोमोटर फिरवतात. रिंग थोडी सरकली की सगळी पाती एकाच वेळी तेवढीच वळतात. दोन पात्यांमधली फट वाढली की पाणी जास्त, पाती एकमेकांना चिकटली की बंद. आणि फट बदलताना पाण्याचा रनरवर यायचा कोनही बदलतो, म्हणजे ही नुसती झडप नाही. फिरत्या पात्यांची कल्पना जेम्स टॉमसनने १८५० च्या व्होर्टेक्स टर्बाइनमध्ये वापरली. हा लॉर्ड केल्विनचा भाऊ. खुद्द फ्रान्सिसच्या पहिल्या टर्बाइनमध्ये पाणी एका वर-खाली होणाऱ्या दंडगोलाने अडवायचे. पुढे कॅप्लान टर्बाइनमध्ये विकेट गेटबरोबर रनरची पातीही वळायला लागली.

यातली मला सगळ्यात आवडलेली वस्तू म्हणजे शिअर पिन. समजा एखादा लाकडाचा ओंडका दोन गेटांच्या मध्ये अडकला. सगळी गेटं एकाच रिंगला, तर एक अडकलं की सगळी अडकणार, आणि टर्बाइन बंदच करता येणार नाही. म्हणून प्रत्येक गेटच्या जोडणीत एक पिन मुद्दाम अशक्त ठेवतात. जोर वाढला की ती एकच पिन तुटते, ते एक गेट सुटं होतं, बाकीची मिटतात आणि कंट्रोल रूममध्ये अलार्म वाजतो. मजबूत कुठे करायचं हे सगळेच शिकवतात, कमजोर कुठे ठेवायचं हे इथे शिकायला मिळालं.

दुसरी गोष्ट वेगाची. गेटं किती सेकंदांत मिटायची? लाइन ट्रिप झाली, लोड एकदम शून्य, तर टर्बाइन पळत सुटणार. वाटतं, झटकन बंद करा. आता गणित बघा. पेनस्टॉक ५०० मीटर लांब, पाण्याचा वेग सेकंदाला ५ मीटर, दाबाची लाट सेकंदाला साधारण १००० मीटर धावते. लाट जाऊन परत यायला एक सेकंद लागतो. त्याच्या आत गेटं मिटवली तर जोखोव्स्कीच्या सूत्राने दाब ५१० मीटरने वाढतो. मूळ हेड १०० मीटर असेल तर पाइप फुटलाच म्हणा. तेच दहा सेकंद घेतले तर वाढ जेमतेम २५ मीटर. म्हणजे हळू मिटलं तर मशीन पळतं, भराभर मिटलं तर पाइप फुटतो. या दोन्हींच्या मधली वेळ गव्हर्नरमध्ये बांधून ठेवतात, आणि वीज गेली तरी मिटवता यावं म्हणून दाबाखालचं तेल टाकीत राखून ठेवतात.

आपल्या राज्यात ही मंडळी मोठ्या प्रमाणावर काम करतात. कोयनेच्या चौथ्या टप्प्याच्या भूमिगत वीजगृहात २५० मेगावॅटचे चार फ्रान्सिस संच आहेत. घाटघरला १२५ मेगावॅटचे दोन संच उलटसुलट चालतात, मागणी असताना वीज देतात, नसताना तेच पंप होऊन पाणी वर चढवतात. पंप सुरू करताना विकेट गेट मिटलेली ठेवतात. हिमालयात मात्र गेटांचा शत्रू वेगळा. नाथपा झाक्रीसारख्या ठिकाणी गाळाची वाळू पाती अक्षरशः खाऊन टाकते, त्यावर टंगस्टन कार्बाइडचा कठीण लेप द्यावा लागतो.

एक गैरसमज माझाही होता, की गेट अर्धं उघडलं तर मशीनला आरामच असेल. तसं नाही. अर्धवट उघड्या गेटातून रनरमध्ये गेलेलं पाणी खाली ड्राफ्ट ट्यूबमध्ये दोरखंडासारखं पीळ घेत फिरतं आणि सगळं मशीन हादरवतं. रशियात सायानो-शुशेन्स्कायाला ६४० मेगावॅटचे दहा संच. १७ ऑगस्ट २००९ च्या सकाळी दोन नंबरचा संच लोड वर-खाली करत या नको असलेल्या पट्ट्यातून पुन्हा पुन्हा जात होता. वरचं झाकण धरून ठेवणाऱ्या बोल्टना आधीच फटीग क्रॅक गेलेले. झाकण उडालं, खालून धरणाचं पाणी हॉलमध्ये घुसलं. स्टेशनची स्वतःची वीज गेली, आणि धरणाच्या माथ्यावरचे मोठे दरवाजे माणसांना तिथे जाऊन हाताने खाली सोडावे लागले. ७५ माणसं गेली. विकेट गेट रोजच्या कामाला असतं. वर जे मोठं दार असतं ते क्वचितच हलतं, पण त्या दिवशी ते हललंच पाहिजे.

हे वाचताना मला माझी डिप्लोमाची रात्र आठवली. मी डिप्लोमाहून थेट सेकंड इयरला आलोय. ते कॉलेज दुसऱ्या गावातलं, नाव सांगत नाही. तिथेही असंच लोखंडी गेट, त्यात दिंडी. रात्री दोनला माझ्या रूम पार्टनरच्या पोटात असं दुखायला लागलं की तो सरळ होईना. आम्ही ॲम्ब्युलन्स बोलावली, ती वीस मिनिटांत आली आणि गेटबाहेर उभी राहिली. मोठ्या गेटच्या कुलपाची किल्ली ऑफिसात, ऑफिसची किल्ली शिपायाकडे, आणि शिपाई गावात. स्ट्रेचर दिंडीतून आडवं करून पाहिलं, तिरकं करून पाहिलं. गुडघ्याएवढा उंबरा आणि अडीच फुटांची रुंदी. शेवटी त्याला दोघांनी काखेत धरलं, एकाने पाय उचलले आणि घडी केल्यासारखं बाहेर काढलं. तो जे ओरडला ते अजून कानात आहे. अपेंडिक्स फुटलं होतं. अकरा दिवस दवाखान्यात होता, परीक्षा गेली, वर्ष गेलं. आता बरा आहे, माझ्यामागून एक वर्षाने पास झाला.

म्हणून गेल्या आठवड्यात मी आपल्या वॉचमन मामांना विचारलं, "मामा, मोठ्या गेटची किल्ली कुठे असते?" म्हणाले, "रेक्टर सरांच्या कपाटात. पण तू कशाला विचारतोस? ते गेट गॅदरिंगच्या मंडपाचा ट्रक आला तेव्हाच उघडलेलं." रेक्टर सरांना सगळं सांगितलं. ते ऐकून घेत होते, मधेच वही काढून लिहायला लागले. किल्ली आता वॉचमन केबिनमध्ये काचेच्या पेटीत ठेवायची असं ठरलंय, पेटी वर्कशॉपमध्ये बनतेय.

शनिवारी दुपारी आम्ही चौघे ग्रीसचा डबा घेऊन गेटवर गेलो. पाऊण तास खटपट केल्यावर डावं दार उघडलं. उजव्या दाराचा खालचा खिट्टा रस्त्याच्या नव्या काँक्रीटमध्ये रुतलाय, तो काही हलला नाही. पुढच्या शनिवारी छिन्नी-हातोडा घेऊन जाणार आहोत. सिव्हिलवाल्यांपैकी कोणी येणार असेल तर रूम नंबर विचारून घ्या.