वीज काढलेलं पाणी निःसत्त्व होतं का?

प्रश्न : माझी लेक नागपूरला दिली आहे. तिच्या नळाला पेंचचं पाणी येतं. आमच्याकडे म्हणतात, तोतलाडोहला त्या पाण्यातून आधी वीज काढून घेतात. मग त्यात सत्त्व ते काय उरणार? आणि एवढी वैनगंगा असताना नागपूरकरांना पेंच कशाला हवी? (एक वाचक, बालाघाट)

उत्तर : घुसळून लोणी काढलं की मागे ताक उरतं, तसंच विजेचंही होत असावं, ही समजूत जुनीच आहे. पण वीज मुळात पाण्यात नसतेच. धरणात उंचावर अडवलेलं पाणी खाली सोडलं की त्याच्या जोरानं चक्र फिरतं आणि त्याला जोडलेलं जनित्र वीज तयार करतं. सायकलचा डायनामो आठवा. दिवा लागतो, पायडल जरा जड होतं, पण चाकातून काही निघून जात नाही. पाण्याची खर्च होते ती फक्त उंची. क्षार, चव, सगळं जागच्या जागी.

तोतलाडोह धरण सातपुड्याच्या कुशीत, वाघांच्या जंगलात आहे. वीजकेंद्र 160 मेगावॅटचं, मध्य प्रदेश आणि महाराष्ट्राचं सामाईक. त्यात दोन तृतीयांश वाटा तुमच्या मध्य प्रदेशाचा. म्हणजे पाणी लेकीला, उजेड माहेराला! चक्रातून सुटलेलं पाणी खाली नवेगाव खैरीच्या जलाशयात अडतं. तिथून नागपूर साधारण 45 किलोमीटर. वाटेत महादुल्याला ते उपसतात आणि गोरेवाड्याजवळ शुद्ध करतात. सत्त्वाची चिंता नको. चिंता करायची तर साठ्याची. 2019 च्या जुलैत तोतलाडोह आटलं, तेव्हा नागपूरला एक दिवसाआड पाणी आलं होतं.

आता तुमच्या बालाघाटजवळून वाहणारी वैनगंगा. बालाघाट या नावाचा अर्थ घाटावरचं, पण शहर वसलंय घाटाखाली. समुद्रसपाटीपासून उंची सुमारे 288 मीटर, तर नागपूरची 310. तुमच्याकडचं पाणी सव्वाशे किलोमीटरहून लांब न्यायचं आणि वर चढवायचंही, हा उफराटा व्यवहार कोण करील?

तरी दोन्ही पाण्यांची गाठ पडतेच. लेकीच्या शहराचं सांडपाणी नाग नदीतून कन्हानला जातं, आणि कन्हान आंभोऱ्याला तुमच्याच वैनगंगेला मिळते.