वर्तमानपत्रातील ‘वर्तमान’

‘वर्तमानपत्र’ या शब्दाचा विग्रह विद्यार्थ्यांना विचारला, तर ‘वर्तमानकाळातील घडामोडींचे पत्र’ असे उत्तर हमखास मिळते. क्वचित अध्यापकांकडूनही मिळते. हा विग्रह चुकीचा आहे, आणि चूक केवळ व्याकरणाची नाही. तिच्यामुळे एकोणिसाव्या शतकातील पत्रांचे आपले वाचनच बिघडते.

‘वर्तमान’ हे संस्कृतातील ‘वृत्’ धातूचे साधित रूप. ‘चालू असलेले’ हा त्याचा मूळ अर्थ. मराठीत मात्र ते नपुंसकलिंगी नाम होऊन ‘हकीकत’, ‘खबर’ या अर्थी रूढ झाले. बखरींत आणि पेशवेकालीन पत्रांत ‘जाहले वर्तमान निवेदन केले’ या धर्तीची वाक्ये पदोपदी भेटतात. आजच्या वाचकाला येथे भूत आणि वर्तमान यांची गल्लत दिसेल. लिहिणाऱ्याला तशी शंकाही आली नसती. घडून गेलेली गोष्ट हेसुद्धा वर्तमानच, फक्त ती कोणीतरी कोणाला तरी कळवावी लागते. ‘वर्तमानपत्र’ म्हणजे खबरीचे पत्र, आणि त्यातील ‘पत्र’ हा शब्दही आधी टपालाचाच.

मुद्रित पत्रांनी हा वारसा सहज उचलला. १८२८ साली मुंबईत निघाल्याचे सांगितले जाणारे ‘मुंबापूर वर्तमान’ हे नावच पाहावे. संपादकाला ‘पत्रकर्ते’ म्हणत आणि वाचक त्यांना उद्देशून लिहीत. लोकहितवादींनी १८४८ पासून भाऊ महाजनांच्या ‘प्रभाकर’मध्ये समाजचिकित्सा केली तीही पत्रांच्या रूपात, हे या दृष्टीने अर्थपूर्ण आहे. ‘बातमी’ हा शब्द तेव्हाही होता. परंतु त्याला राजकारणातील गुप्ततेचा वास होता. बातमीदार म्हणजे शत्रूच्या गोटातील हालचाल टिपून आणणारा. उघड छापून सर्वांपुढे ठेवायच्या मजकुराला ‘वर्तमान’ अधिक शोभले असावे, असे मला वाटते. पुढे बातमीदार स्वतःच पत्राच्या कचेरीत येऊन बसला, हा अर्थबदलाचा एक गमतीदार नमुना.

या शब्दाची दुसरी वाट अहमदनगरात (आजच्या अहिल्यानगरात) नीट न्याहाळता येते. अमेरिकन मराठी मिशनने १८३१ साली येथे ठाणे केले आणि जून १८४२ मध्ये हेन्री बॅलन्टाइन यांच्या संपादकत्वाखाली ‘ज्ञानोदय’ येथूनच सुरू केले. धर्म, शास्त्रीय माहिती आणि देशोदेशीच्या घडामोडी एकाच पत्रातून वाचकांपुढे येऊ लागल्या. मराठी बायबलात येशूचे चरित्र सांगणाऱ्या चार पुस्तकांना ‘शुभवर्तमान’ म्हणतात. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ ‘चांगली खबर’. त्यासाठी ‘उपदेश’ किंवा ‘शास्त्र’ न घेता पत्रलेखनातील ‘वर्तमान’ घेतला गेला, ही निवड मार्मिक आहे. शास्त्र शिकवावे लागते. वर्तमान कोणीतरी आणून सांगावे लागते आणि ऐकणाऱ्याने त्यावर विश्वास ठेवायचा की नाही हे ठरवावे लागते. त्याच मिशनच्या पत्रालाही लोक वर्तमानपत्रच म्हणत. धर्मप्रसार आणि वृत्तप्रसार यांचा संबंध आपण सहसा संस्थांच्या अंगाने अभ्यासतो. येथे तो शब्दातच आहे.

मग ‘खबर’ हा अर्थ मागे का पडला? दादोबा पांडुरंगांचे व्याकरण १८३६ साली प्रसिद्ध झाले आणि पुढे शालेय व्याकरणाचा प्रसार झाला. भूत, वर्तमान, भविष्य ही त्रयी प्रत्येक शिकलेल्या मराठी माणसाच्या तोंडी बसली. माझ्या मते अर्थसंकोचाचे मोठे कारण हे आहे. दुसरीकडे ‘वृत्त’ आणि ‘वार्ता’ हे त्याच धातूचे शब्द प्रतिष्ठित झाले. ‘वृत्तपत्र’ या शब्दात काळाचा घोटाळा होण्याचे कारणच उरले नाही. याच जिल्ह्यात सोमठाणे येथे मुकुंदराव पाटलांनी १९१० साली सुरू केलेले आणि नंतर तरवडीहून निघणारे ‘दीनमित्र’ पाहिले, तर पत्राचे नाव आता मजकुराचे वर्णन करीत नाही, वाचकाशी असलेले नाते सांगते.

जुन्या पत्रांचे उतारे संपादित करताना ‘वर्तमान’पाशी टीप द्यायला हवी, विद्यार्थी शब्द ओळखीचा म्हणून थांबत नाहीत आणि नेमका तेथेच अर्थ निसटतो. खुद्द बायबलातही पुस्तकांच्या नावांत ‘शुभवर्तमान’ आहे, पण आतील मजकुरात त्याच अर्थी बहुतेक ठिकाणी ‘सुवार्ता’ येते. शीर्षकात जुना शब्द राहिला, वाक्यातून गेला. ‘वर्तमानपत्रा’चेही तेच झाले आहे.