मोठ्या टेलिकॉम कंपनीत नोकरी लागतेय: घ्यायची, की सरळ दुकान टाकायचं?

या आठवड्याच्या व्हिडिओत वेळेअभावी जे राहून गेलं, ते इथं लिहितो. नाचणगाव, पुलगाव, देवळी, आर्वी या आपल्या पट्ट्यात बीकॉम-बीबीए झालेल्या अनेक पोरांना पहिली 'कंपनीची' नोकरी मिळते ती टेलिकॉममध्ये. सिमकार्ड, रिचार्ज, वायफायचं कनेक्शन. घरचे म्हणतात, मोठी कंपनी आहे, लागून जा. तुमच्या डोक्यात मात्र स्वतःचा धंदा आहे.

माझं मत आधीच सांगतो. नोकरी घ्या. पण दोन-तीन वर्षांचा हिशोब धरून घ्या, आणि सही करण्याआधी एकच गोष्ट तपासा: तुम्ही नेमके कोणाच्या पगारावर आहात?

टी-शर्ट कंपनीचा, पगार कोणाचा?

मोटरसायकलवर दुकानं फिरणारा, कंपनीचा टी-शर्ट घातलेला पोरगा बरेचदा कंपनीचा नसतोच. त्याला एफओएस म्हणतात आणि त्याचा पगार डिस्ट्रिब्युटर देतो. मोठ्या दुकानात उभा राहणारा प्रमोटर बहुतेक एखाद्या मनुष्यबळ पुरवणाऱ्या एजन्सीचा असतो. कंपनीच्या रोलवर असतो तो त्यांच्या वरचा टीएसएम, आणि तो पाच-पन्नास गावांमागे एखादा. तिघंही 'मी अमुक कंपनीत आहे' असंच सांगतात. लग्नाच्या बायोडाटातही तेच.

ओळखायचं कसं? पीएफचं पासबुक उघडा. त्यात आस्थापनेचं जे नाव आहे तो तुमचा मालक. मूळ पगार १२,००० असेल तर १२ टक्क्यांनी तुमचे १,४४० कापले जातात आणि मालकाने तेवढेच भरायचे असतात. मालकाच्या भागातले साधारण १,००० पेन्शनमध्ये जातात. पासबुकच नसेल तर तुम्ही नोकरीत नाही, रोजंदारीवर आहात, टी-शर्ट कोणताही असो.

ग्रॅच्युइटीचंही असंच. नेहमीच्या कायम नोकरीत सलग पाच वर्षं झाली की १२,००० च्या मूळ पगारावर १५ भागिले २६ गुणिले ५, म्हणजे ३४,६१५ रुपये हातात येतात. एजन्सी दर वर्षी बदलत असेल तर ही पाच वर्षं कागदावर पुरी होणं अवघड. माझ्या काउंटरवर एकाच कंपनीचा एफओएस वर्षात दोनदा बदललेला मी पाहतो. त्यांना कसली ग्रॅच्युइटी?

'मोठी' म्हणजे 'कायमची' नाही

आपल्या वडिलांच्या पिढीत टेलिफोन खात्यातली नोकरी म्हणजे सोन्याची नोकरी. त्याच खात्यातून १ ऑक्टोबर २००० ला बीएसएनएल झाली. २०१९ मध्ये तिथे पगार लांबले आणि त्या नोव्हेंबरमध्ये स्वेच्छानिवृत्ती योजना आली. पन्नाशी ओलांडलेल्या ७८ हजारांहून जास्त कर्मचाऱ्यांनी अर्ज केले आणि ३१ जानेवारी २०२० ला एका दिवसात बाहेर पडले. त्यांना झालेल्या प्रत्येक वर्षामागे ३५ दिवसांचा आणि उरलेल्या प्रत्येक वर्षामागे २५ दिवसांचा पगार, वरची मर्यादा ठेवून, असं सूत्र होतं. त्याच ऑफिसात, त्याच केबलवर काम करणाऱ्या कंत्राटी कामगारांचे पगार कित्येक महिने थकले होते, आणि त्यांच्यासाठी ही योजना नव्हतीच. काम तेच, खुर्ची शेजारची. फरक फक्त रोलचा.

खासगीत तर विचारूच नका. ५ सप्टेंबर २०१६ ला जिओ आली, दर कोसळले. पुढच्या तीन वर्षांत एअरसेल दिवाळखोरीत गेली, रिलायन्स कम्युनिकेशन्सने मोबाईल सेवा बंद केली, टेलिनॉर आणि टाटा डोकोमोचे ग्राहक एअरटेलकडे गेले, ३१ ऑगस्ट २०१८ ला व्होडाफोन आणि आयडिया एक झाल्या. दोन कंपन्या एक झाल्या की एका तालुक्याला दोन टीएसएम कशाला लागतात? दुकानांच्या पाट्या बदलल्या, तशी माणसंही.

मग नोकरी घ्यायचीच कशाला?

कारण दुसरीकडे फी भरून जे नीट शिकवत नाहीत, ते इथं पगार घेऊन शिकायला मिळतं. कंपनीने डिस्ट्रिब्युटरला माल दिला तो प्रायमरी, डिस्ट्रिब्युटरने दुकानदाराला दिला तो सेकंडरी, दुकानदाराने गिऱ्हाइकाला विकला तो टर्शरी. प्रायमरी फुगलेली आणि टर्शरी बसलेली असेल तर माल मधेच अडकलाय. हे गणित बिस्किटाला लागू, बियाण्यालाही लागू. शंभराच्या रिचार्जवर दुकानदाराला जेमतेम दोन-तीन रुपये सुटतात, तरी तो ते का ठेवतो, हे ज्याला कळलं त्याला किरकोळ धंदा कळला. (रिचार्जला आलेलं गिऱ्हाईक कव्हर, चार्जर घेऊन जातं. नफा तिथं आहे.)

शिवाय रोजच्या बीटवर विजयगोपाल, भिडी, देवळीपर्यंतचा प्रत्येक दुकानदार तुम्हाला नावाने ओळखायला लागतो. कोण रोख देतो, कोण पुढच्या सोमवारवर ढकलतो, हे तुमच्या वहीत येतं. उद्या स्वतःचा माल घेऊन गेलात तर हीच वही भांडवल.

महिनाअखेर सांभाळा

टार्गेट २८ तारखेला अपुरं असलं की दोन मोह होतात. पहिला, दुकानदाराला उधारीवर लापू बॅलन्स टाकायचा. वसुली झाली नाही तर भरपाई तुमच्याकडूनच मागतात, म्हणून कोणतीही उधारी डिस्ट्रिब्युटरच्या लेखी परवानगीशिवाय देऊ नका. दुसरा मोह जास्त वाईट: कोणाच्या तरी आधारवर त्याला न कळवता सिम चालू करायचं. २०२३ च्या दूरसंचार कायद्यात फसवणुकीने किंवा दुसऱ्याच्या नावाने सिम मिळवण्याला तीन वर्षांपर्यंत कैद, ५० लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही आहे. आणि सिम विकणाऱ्याची नोंदणी आता सक्तीची आहे. उद्या चौकशी झाली तर ॲक्टिव्हेशन कुठून झालं ते लगेच सापडतं. साहेब फोनवर 'करून टाक भाऊ' म्हणतो, व्हॉट्सॲपवर लिहून देत नाही. नाही म्हणा. नोकरी गेली तर दुसरी मिळेल, केस मागे लागली तर दुकानाच्या कर्जासाठी बँकेत कोणत्या तोंडाने जाल?

सोडताना रिलीव्हिंग लेटर घ्या, डिस्ट्रिब्युटरकडून 'बाकी काही नाही' असं सही-शिक्क्यानिशी लिहून घ्या, आणि यूएएन नंबर जपून ठेवा. लापू बॅलन्सच्या उधारीची वही कशी मांडायची ते पुढच्या व्हिडिओत, प्रत्यक्ष वही समोर ठेवून दाखवतो.