रिपोर्टच्या आधी ईसीजी

चि. मुक्ता हिस,


उपजिल्हा रुग्णालयात रुजू झाल्याचं तुझं पत्र मिळालं. रात्री कॅज्युअल्टीत तू एकटीच डॉक्टर, लॅब संध्याकाळनंतर बंद, आणि डायलिसिस जिल्ह्याच्या ठिकाणी, दीड-दोन तासांवर. अशा जागी कशाची तयारी आधी करू, असं तू विचारलंस. हार्ट ॲटॅक, सर्पदंश, विषबाधा यांचे तक्ते तुमच्याकडे भिंतीवर लावलेले असतीलच. म्हणून मी तुला रक्तात वाढलेल्या पोटॅशियमबद्दल लिहिते. ते गाजावाजा न करता येतं आणि बघता बघता हृदय थांबवतं. त्यावरचं पहिलं औषध मात्र तुझ्याच कपाटात असतं, आणि ते रिपोर्ट यायच्या आधी द्यायचं असतं.

असा पेशंट येतो तो "अंगात त्राण नाही, एक सलाईन लावा" असं म्हणत. पाय जड झालेत, उठताना गुडघ्यातून गेलो, मळमळतंय, एवढीच तक्रार. कधी तीही नसते. अशा माणसाला खाटेवर घेतलंस की आधी त्याचे हात बघ. मनगटाशी किंवा कोपराशी फुगलेली, बोटाखाली थरथरणारी शीर लागली तर ती फिस्टुला आहे आणि हा डायलिसिसचा पेशंट आहे. शेवटचं डायलिसिस कधी झालं, ते लगेच विचार. सोमवार-बुधवार-शुक्रवार असं डायलिसिस असणाऱ्यांचा शुक्रवारनंतरचा खंड सगळ्यांत लांबचा, म्हणून सोमवारची पहाट त्यांना वाईट. आपल्याकडे तर पुष्कळांचं आठवड्याला दोनदाच होतं. त्यात गणपती, लग्नसराई, पेरणी आली की एखादी खेप चुकतेच.

दुसरा पेशंट फिस्टुला नसलेला, आणि म्हणून जास्त फसवा. सत्तरीच्या आजी, ब्लडप्रेशरसाठी टेल्मिसार्टन आणि ॲटेनोलॉल घेणाऱ्या, कुणीतरी पायाच्या सुजेसाठी स्पायरोनोलॅक्टोन जोडलेलं, गुडघ्यांसाठी मेडिकलमधून आणलेल्या वेदनाशामक गोळ्या. एप्रिलच्या उन्हात दोन दिवस जुलाब होतात, लघवी कमी होते, तरी गोळ्या नेमाने चालू. मूत्रपिंड मंदावतं, पोटॅशियम चढतं, ॲटेनोलॉल शरीरातच साचतं, आणि दोघं मिळून हृदयाची गती उतरवतात. यात पोटॅशियम सहाच्या आसपासच असूनही नाडी ३५ वर आलेली दिसते. ॲट्रोपिनने फारसं काही होत नाही. नाडी मंद आणि कारण सापडत नाही, असं झालं की गोळ्यांची पिशवी मागून घे आणि खाटेवर रिकामी कर. प्रोस्टेटमुळे लघवी तुंबलेले आजोबा आले तर कॅथेटर हेच पोटॅशियमवरचं औषध असतं, हेही ध्यानात ठेव.

आता ईसीजी. शरीरातलं जवळजवळ ९८ टक्के पोटॅशियम पेशींच्या आत असतं. रक्तात ३.५ ते ५ एवढंच हवं, आणि साडेसहाच्या पुढे प्रकरण गंभीर होतं. ते वाढत जातं तसे आधी टी उंच, टोकदार आणि अरुंद पायाचे होतात. मग पीआर लांबतो, पी चपटे होत दिसेनासे होतात, क्यूआरएस रुंदावतो, आणि शेवटी क्यूआरएस आणि टी एकमेकांत मिसळून नुसत्या संथ लाटा उरतात. हा क्रम पुस्तकात नीट दिसतो, पेशंटमध्ये तो पाळला जाईलच असं नाही. टी साधे असूनही एकदम ब्लॉक येतो. ईसीजी अगदी चांगला असूनही पोटॅशियम सातच्या वर असू शकतं, तेव्हा चांगल्या ईसीजीवर विसंबून पेशंटला घरी पाठवू नकोस. मशीन स्वतःहून वर जे निदान छापतं त्यावरही विश्वास ठेवू नकोस. पोटॅशियमच्या ईसीजीवर ते कधी हार्ट ॲटॅक लिहितं, कधी व्हीटी. क्यूआरएस खूप रुंद, पी नाहीत आणि गती १२० च्या आत, असं दिसलं तर मनात आधी पोटॅशियम आण. व्हीटी समजून लिग्नोकेन किंवा अमिओडॅरोन दिलं तर असं हृदय कायमचं थांबू शकतं.

मी रेसिडेंट असताना पाहिलेला एक पेशंट सांगते. चाळिशीचा रिक्षावाला, डायलिसिसची एक खेप चुकलेली, दोन माणसांनी काखेत धरून आणलेला. शुद्धीत होता, नाव नीट सांगत होता, पण पाय उचलता येत नव्हते. नाडी ३४. ईसीजीच्या पट्टीवर पी एकही नाही, आणि क्यूआरएस इतका पसरट की तो कुठे संपतो आणि टी कुठे सुरू होतो ते कळेना. रक्त लॅबला गेलं होतं. आमच्या सरांनी रिपोर्टचं नावही काढलं नाही. ईसीजीचा कागद चालूच ठेवायला सांगितला आणि कॅल्शियम ग्लुकोनेट शिरेतून सावकाश द्यायला घेतलं. पहिल्या ॲम्प्यूलनंतर फारसा फरक नव्हता. पाच मिनिटांनी दुसरं दिलं. ते संपत आलं तसे त्याच कागदावर क्यूआरएस अरुंद होत गेले, नाडी साठीकडे आली आणि छोटे छोटे पी दिसू लागले. आम्ही सगळे सुटकेचा निःश्वास टाकून बसलो, सर मात्र मॉनिटरवरून नजर काढेनात. पाऊण तासाने क्यूआरएस पुन्हा पसरू लागला. तिसरं ॲम्प्यूल गेलं, तोवर डायलिसिसचं मशीन तयार झालं होतं. रिपोर्ट आला तेव्हा पेशंट मशीनवर होता. आकडा होता ८.१.

या एका कागदात मला तुला सांगायचं ते बहुतेक सगळं आहे. कॅल्शियम पोटॅशियम कमी करत नाही. ते हृदयाच्या पेशींना तेवढ्यापुरतं सावरतं. परिणाम एक ते तीन मिनिटांत दिसतो आणि अर्ध्या ते एका तासात ओसरतो. १० टक्क्यांचं १० मिली ग्लुकोनेट तीन ते पाच मिनिटांत द्यायचं. पाच मिनिटांत ईसीजी सुधारला नाही तर पुन्हा. एका ॲम्प्यूलमध्ये कॅल्शियम थोडं असतं, म्हणून ब्रिटनमधले डॉक्टर आता ३० मिली दहा मिनिटांत देतात. क्लोराइडमध्ये तेवढ्याच मिलीत जवळजवळ तिप्पट कॅल्शियम असतं, पण ते शिरेबाहेर गेलं तर कातडी जाळतं. हाताची शीर असेल तर ग्लुकोनेटच बरं. आणि ज्या नळीतून कॅल्शियम चाललंय तिच्यातून सोडाबायकार्ब कधीही सोडू नकोस, आत खडूसारखा साका बसतो.

कॅल्शियम आणि पोटॅशियम हृदयावर एकमेकांविरुद्ध ओढतात, हे सिडनी रिंगरने १८८३ च्या सुमारास लंडनमध्ये बेडकाच्या हृदयावर दाखवलं. त्याचं आधीचं द्रावण चुकून नळाच्या पाण्यात बनवलेलं निघालं आणि त्या पाण्यातल्या कॅल्शियममुळे हृदय चालत राहिलं होतं. ऊर्ध्वपातित पाणी घेतल्यावर ते मंदावलं, कॅल्शियम घातल्यावर पुन्हा चालू लागलं. आपण रोज आरएल म्हणून लावतो तो हाच रिंगर. मला ही गोष्ट फार आवडते, म्हणून लिहिली.

पुढचं पाऊल इन्शुलिन आणि सॅल्ब्युटामॉल. पाहुणे दारात आले की आपण पसारा आतल्या खोलीत ढकलतो, तसं ही औषधं पोटॅशियम पेशींत ढकलतात. ते शरीराबाहेर जात नाही, चार-सहा तासांनी पुन्हा रक्तात येतं. रेग्युलर इन्शुलिन १० युनिट शिरेतून, त्यासोबत २५ ग्रॅम ग्लुकोज, म्हणजे २५ टक्के डेक्स्ट्रोजची १०० मिलीची बाटली. इथे हात थांबवून बाटलीवरचा आकडा वाच. आपल्याकडे मिलीला ४० युनिटची आणि १०० युनिटची, अशा दोन्ही बाटल्या एकाच फ्रीजमध्ये असतात. १० युनिट म्हणजे पहिलीतून पाव मिली आणि दुसरीतून एक दशांश मिली. ४० ला लाल टोपीची सिरिंज, १०० ला केशरी. रात्री अडीच वाजता घाईत साध्या सिरिंजने इन्शुलिन काढायला कुणालाही परवानगी देऊ नकोस.

इन्शुलिननंतर पोटॅशियमपेक्षा साखरेची काळजी जास्त कर. मूत्रपिंड निकामी असलं की इन्शुलिन शरीरात जास्त वेळ टिकतं, ग्लुकोज मात्र तासाभरात संपतं. दोन-तीन तासांनी पेशंट "झोपलाय" असं नातेवाईक सांगतात आणि साखर ३५ निघते. सहा तास दर तासाला ग्लुकोमीटर लाव, हे सिस्टरांना तोंडी सांगू नकोस, केसपेपरवर वेळा घालून लिही. सुरुवातीची साखर १२६ च्या खाली असेल तर १० टक्के डेक्स्ट्रोज ताशी ५० मिलीने पाच तास चालू ठेव. २५० च्या वर असेल तर ग्लुकोज नको, नुसतं इन्शुलिन पुरे. सॅल्ब्युटामॉल नेब्युलायझरमधून द्यायचं, पण दम्याचा एक रेस्प्यूल इथे पुरत नाही. १० ते २० मिलिग्रॅम लागतं, म्हणजे अडीच मिलिग्रॅमचे चार ते आठ. हृदयविकार असेल तर १० वर थांब. सोडाबायकार्ब रक्त खूप आम्ल झालं असेल तरच. पोटॅशियम बांधणाऱ्या पावडरी या घटकेला कामाच्या नाहीत, त्या फार हळू चालतात. लघवी होत असेल तर फ्युरोसेमाइड, होत नसेल तर डायलिसिस.

रिपोर्ट खोटाही असतो. घट्ट टूर्निके बांधून मूठ उघडमीट करायला लावली, सुईतून रक्त जोराने ओढलं, नमुना तासन् तास पडून राहिला, की पेशींतलं पोटॅशियम बाहेर येतं आणि आकडा फुगतो. जांभळ्या झाकणाच्या नळीतलं रक्त लाल झाकणाच्या नळीत ओतलं गेलं तर पोटॅशियम अफाट आणि कॅल्शियम जवळजवळ शून्य येतं, कारण जांभळ्या नळीतलं ईडीटीए पोटॅशियमचंच असतं. शंका आली तर नमुना पुन्हा घे. मात्र पेशंट किडनीचा असेल आणि लॅबने "हिमोलाइज्ड" लिहिलं असेल, तर तेवढ्यावर निश्चिंत होऊ नकोस, आधी ईसीजी काढ.

तुझ्या भागात दगडखाणी आहेत, म्हणून एवढंही लिहिते. ढिगाऱ्याखाली पाय चेंगरून तासन् तास अडकलेला माणूस बाहेर काढेपर्यंत बोलत असतो आणि वजन उचललं की कोसळतो. फुटलेल्या स्नायूंतलं पोटॅशियम एकदम रक्तात येतं. १९४१ मध्ये लंडनवरच्या बॉम्बहल्ल्यांतल्या अशा पेशंटांचं वर्णन बायवॉटर्स आणि बील यांनी केलं. ३० सप्टेंबर १९९३ ला किल्लारीच्या भूकंपात दगडामातीच्या भिंतींखाली माणसं गाडली गेली, तो धोका हाच. शक्य असेल तिथे ढिगारा उचलायच्या आधीच शीर मिळवून नॉर्मल सलाईन सुरू कर.

पेशंट सावरला की घरच्यांशी बोल, आणि रागावू नकोस. आजारी माणसाला शहाळं नेणं ही आपल्याकडे मायेची रीत आहे. एका शहाळ्यात अर्धा ग्रॅम किंवा त्याहून जास्त पोटॅशियम असतं, हे त्यांना कुणी सांगितलेलंच नसतं. "बीपीचं मीठ" म्हणून विकल्या जाणाऱ्या कमी सोडियमच्या मिठात बरंचसं पोटॅशियम क्लोराइड असतं. भाज्या चिरून भरपूर पाण्यात उकळून ते पाणी टाकून द्या, हे स्वयंपाक करणारीला सांग, पेशंटला सांगून उपयोग नाही. डायलिसिस का चुकलं, तेही विचार. मजुरी बुडते, एसटी वेळेवर नाही, रेशनकार्डावर नाव नाही म्हणून महात्मा फुले योजनेचा कागद अडला, अशी उत्तरं येतात. आरोग्यमित्राला गाठून यातला एखादा कागद तू सोडवू शकलीस तर पुढची सोमवारची पहाट टळते.

शेवटचं रेफर करण्याबद्दल. कॅल्शियम दिलं, ईसीजी सुधारला आणि १०८ दारात उभी आहे, तेव्हा मोह होतो तो पेशंट लगेच गाडीत चढवायचा. दीड तासाच्या रस्त्यात कॅल्शियमचा असर संपणार आहे. इन्शुलिन आणि नेब्युलायझर सुरू करूनच पाठव. गाडीत मॉनिटर लावलेला असू दे. कॅल्शियमची तीन ॲम्प्यूल, २५ टक्के डेक्स्ट्रोज आणि ग्लुकोमीटर सोबत दे, आणि क्यूआरएस पसरताना कसा दिसतो ते गाडीतल्या डॉक्टरांना त्याच पट्टीवर बोट ठेवून दाखव. डायलिसिस युनिटला स्वतः फोन करून मशीन मोकळं आहे ना, ते विचार. चिठ्ठीवर "हायपरकॅलेमिया, रेफर्ड" एवढंच लिहू नकोस. कॅल्शियम किती वाजता आणि किती, इन्शुलिन किती वाजता, त्या वेळची साखर, शेवटची लघवी, शेवटचं डायलिसिस, आधीची आणि नंतरची पट्टी, असं सगळं लिहून टाचणीने जोड. मोबाईलवर दोन्ही पट्ट्यांचे फोटोही पाठव.

वहिनीला आणि दादाला माझी आठवण सांग.

तुझी,
आत्या