आजचं चिंतन: मागे वळणं म्हणजे हरणं नव्हे

आजचा श्लोक: श्रीमद्भगवद्गीता, अध्याय ६, श्लोक २६

मित्रांनो, परवा तिसऱ्या मुलाखतीतही नकार आला. घरी कुणाला न सांगता मी थेट इथल्या, गोडदेवच्या शंकराच्या देवळात गेलो.

महादेवाची प्रदक्षिणा पूर्ण गोल नसते. अभिषेकाचं पाणी वाहून नेणारी पन्हळ, म्हणजे सोमसूत्र, ओलांडायचं नाही. तिथवर जायचं, मागे वळायचं, उलट फिरून पन्हळीच्या दुसऱ्या बाजूला पोचायचं आणि पुन्हा परतायचं.

त्या वळणावर मला बोरामणी आठवलं. सोलापूरजवळच्या या माळरानावरचं दगडांचं १५ वेढ्यांचं चक्रव्यूह २०२५ मध्ये अभ्यासकांनी उजेडात आणलं. अशा रचनेला लॅबिरिंथ म्हणतात. भूलभुलैयासारखे फसवे रस्ते त्यात नसतात. वाट एकच. ती मध्याजवळ नेते, पुन्हा दूर नेते, पण चालत राहिलं की पोचवतेच. फ्रान्समधल्या शार्त्रच्या कॅथेड्रलमध्ये लोक अशाच वाटेवरून प्रार्थना करत चालतात.

आजच्या श्लोकात भगवंत सांगतात की चंचल मन जिथे जिथे भटकेल, तिथून तिथून त्याला परत आणावं. किती वेळा, याची मर्यादा घातलेली नाही. म्हणजे मन पळालं म्हणून साधना मोडत नाही. त्याला परत आणणं हीच साधना.

नकार अजून टोचतोय. पण त्या रात्री आईला सगळं सांगितलं.

आज करून बघा: मोबाईल बाजूला ठेवून गच्चीवर दहा मिनिटं चाला. प्रत्येक वळणावर एकदा नाम घ्या.

ॐ नमः शिवाय 🙏